आईला जपायचं म्हणजे बसवून ठेवायचं का?

लालबागच्या चाळीत वाढलेल्या आणि आता अंधेरीत नोकरी करणाऱ्या ४८ वर्षांच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या आई ७१ वर्षांच्या. त्या अजून त्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. जुलैमध्ये गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासातून परत येताना त्या ओल्या लादीवर घसरल्या, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावली, त्यात खुब्याचा टी-स्कोअर उणे २.८ आला. रक्तातलं कॅल्शियम मात्र नॉर्मल. पत्र लिहिणाऱ्या या ताईंचे दादा कांदिवलीला १४व्या मजल्यावर राहतात. त्यांचं म्हणणं, आईला आता इथे आणायचं, जिने बंद, बाजार बंद, तिने आरामात बसून राहायचं. आई म्हणतात, मी लालबाग सोडणार नाही. शेजारच्या मावशींनी हाडवैद्याकडून मालीश करून घ्यायला सांगितलं आहे. ताईंना दादांचं पटतं, पण आईचा पडलेला चेहरा बघवत नाही. शिवाय त्यांची स्वतःची पाळी वर-खाली व्हायला लागली आहे, गुडघे कुरकुरतात, म्हणून आपणही आतापासून कॅल्शियम सुरू करावं का, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे की १३ वर्षांच्या लेकीचा खेळ क्लासमुळे सुटला आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘हाडं एकदा झिजली की झिजली, आता उरलंय तेवढं जपून वापरायचं.’ दादांची सगळी योजना या वाक्यावर उभी आहे, आणि हे वाक्यच बरोबर नाही. कांदिवली की लालबाग हे ठरवण्याआधी त्याच्याबद्दल बोलू.

रविवारी मटण आणाल तेव्हा नळीचा एक तुकडा धुऊन हातात घ्या. बाहेरची भिंत घट्ट आणि गुळगुळीत लागेल. सांध्याजवळचा तुकडा असेल तर कापलेल्या बाजूला बारीक जाळी दिसेल आणि जाळीच्या पोकळ्यांत लालसर मगज. आपली हाडं याच घडणीची असतात. घट्ट हाड वजनाने सांगाड्याच्या सुमारे ८० टक्के भरतं आणि जाळीदार हाड २० टक्के. मनगट, मणके आणि खुब्याचा वरचा भाग इथे जाळीचं प्रमाण जास्त, म्हणून हाडं विरळ व्हायला लागली की पहिला फटका याच तीन जागांना बसतो.

ही जाळी कशीही विणलेली नसते. शरीराचा भार खुब्यातून मांडीत ज्या दिशेने उतरतो, त्या दिशेनेच तिचे धागे लागलेले असतात. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली हे सविस्तर मांडलं. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलत जाते. टेनिस खेळणाऱ्यांचं रॅकेट धरायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं ते यामुळे. उलट, अंतराळात वजनच जाणवत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याची आणि कण्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. ही माणसं तरुण, निवडून घेतलेली, धडधाकट असतात. तरीही उतरते.

असं का होतं ते कळलं की दादांशी बोलणं तुम्हाला सोपं जाईल. हाड ही जिवंत गोष्ट आहे. आपल्या मुंबईत रस्ता आधी खणतात आणि मग भरतात, तसं काम हाडात बाराही महिने चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि नवं हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. कुठे खणायचं आणि कुठे भरायचं हे सांगणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या हाडाच्या आत रुतून बसलेल्या असतात. आपण चालतो, जिना चढतो, तेव्हा हाड अगदी किंचित, डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं. तेवढं वाकणं त्यांना समजतं आणि ‘इथे गरज आहे’ असा निरोप जातो. माणूस बसून राहिला की तो निरोप जायचा थांबतो. मग खणणारे पुढे आणि भरणारे मागे.

पाळी जाते तेव्हाही असंच होतं, कारण मात्र वेगळं. इस्ट्रोजेन खणणाऱ्या पेशींना आवरून धरत असतं. ते कमी झालं की त्या मोकाट सुटतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांची हाडं २० टक्क्यांपर्यंत विरळ होऊ शकतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हे वीसेक वर्षांपूर्वी घडून गेलं असणार, आणि त्या वेळी त्यांना काहीही दुखलं नसेल. हाडं विरळ होणं दुखत नाही. मोडतं तेव्हाच कळतं.

म्हणजे आईंना ‘जपण्यासाठी’ सोफ्यावर बसवलं तर वयाने आणि पाळी गेल्याने जे होतंय, त्यात बसण्याची भर पडेल. मांड्यांचे स्नायूही उतरतील, आणि पडताना सावरायला तेच स्नायू लागतात. दादांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे आजाऱ्याला ‘पड जरा’ म्हणण्याची पद्धत जुनी आहे आणि तापात ती बरोबरही असते. विरळ झालेल्या हाडांना मात्र ती चालत नाही.

आता रक्तातल्या कॅल्शियमबद्दल. ते नॉर्मल आलं म्हणून तुम्ही बुचकळ्यात पडलात, तसे पुष्कळ जण पडतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत फिरतो, आणि त्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, रक्त गोठणं हे सगळं अवलंबून असतं. त्यामुळे रक्तातली पातळी शरीर सहसा ढळू देत नाही. खाण्यातून कमी मिळालं की मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडातून काढून रक्तात घातलं जातं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. हाडांची अवस्था त्या रिपोर्टवरून कळत नाही, ती डेक्सावरून कळते. याच हाडांच्या मगजात, मोठेपणी मुख्यतः कमरेच्या, मणक्यांच्या, छातीच्या आणि बरगड्यांच्या हाडांत, सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात. सांगाडा म्हणजे नुसता शरीराचा आधार, असं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून वाटतं, पण तो एवढी कामं करत असतो.

टी-स्कोअर उणे २.८ हा आकडा तुम्ही अधोरेखित केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी केलेली ती तुलना आहे. हाड उद्या मोडणार, असं तो आकडा सांगत नाही. पण उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं ही गोष्ट आकड्याइतकीच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाची. मनगटाचं असं फ्रॅक्चर डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. पन्नाशी-साठीतल्या बाईचं ते मोडलं की समजावं, पुढच्या फ्रॅक्चरची सूचना मिळाली. पुष्कळ घरांत प्लास्टर निघालं की विषय संपतो. तुमच्या डॉक्टरांनी पुढे तपासणी केली हे फार चांगलं केलं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. वय वाढतं तसं पडताना हात पुढे टाकण्याची चपळाई कमी होते, माणूस थेट कुशीवर पडतो आणि खुबा मोडतो. ७१व्या वर्षी तुमच्या आईंचा हात वेळेवर पुढे आला. ही चपळाई अजून शिल्लक आहे आणि ती टिकवायची आहे.

आता जागेचा प्रश्न. आई कुठे पडल्या? ओल्या लादीवर. त्या जिन्यात पडल्या नव्हत्या, बाजारातही नाही. बंदी मात्र जिन्यावर आणि बाजारावर येते आहे. हे मला पटत नाही. चाळीतल्या ज्या गोष्टींची मला खरी काळजी वाटते त्या वेगळ्या आहेत. पावसाचे फटकारे येऊन ओली होणारी गॅलरी. रात्री संडासाला जायचा तो लांब, अर्धा अंधारा रस्ता. आणि पाणी. चाळीत ठरावीक वेळेला पाणी येतं आणि आई वाकून कळशी-बादली उचलून पिंप भरत असणार. पुढे वाकून वजन उचलताना मणक्यांच्या पुढच्या बाजूवर जो दाब येतो तो विरळ झालेल्या मणक्याला झेपत नाही, आणि मणका चेपला जातो. कित्येकदा तो चेपल्याचं कळतही नाही. पाठ चार दिवस धरते, बाम लावला जातो, आणि उंची थोडी कमी झालेली असते. आईंना भिंतीला पाठ लावून उभं करा आणि उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चारेक सेंटिमीटर कमी भरली, तर मणक्याचा एक्स-रे काढण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हे काम याच आठवड्यात करा.

म्हणून त्या लालबागलाच राहणार असतील तर आधी पाणी उचलणं बंद. नळाला पाइप लावून पिंप थेट भरता येतं, किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला ते काम लावून द्या. खाली बसून, वाकून फरशी पुसणं बंद, लांब दांड्याचं मॉप आणा. रात्रीसाठी खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा. आईंना ते आवडणार नाही, पुष्कळ बायकांना लाज वाटते. पण ‘फक्त रात्री आणि फक्त पावसाळ्यात’ असं म्हटलं तर ऐकतील. संडासाच्या भिंतीला धरायला पक्का दांडा बसवायचा विषय चाळीच्या बैठकीत काढा. त्या मजल्यावर म्हाताऱ्या तुमच्या एकट्याच आई नसणार. गॅलरीला जूनच्या आधी ताडपत्री लावून घ्या. पायातली गुळगुळीत झालेली रबरी स्लीपर फेकून मागे पट्टा असलेली चप्पल द्या. गाउन घोट्याच्या वर येईल इतका शिवून घ्या.

जिना राहू द्या, पण तो उतरताना एक हात कठड्यावर हवा. चढण्यापेक्षा उतरताना जास्त जण पडतात. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरणं-चढणं नको. मासळी आणि भाजी रोज थोडी आणली तर एका हातात मावते. जड सामान वाणी घरपोच देतो.

दादांचं म्हणणं कधी बरोबर ठरेल, तेही सांगते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठून बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा हात टेकावेच लागले, तर पायांत जोर कमी आहे. उठल्यावर चक्कर येत असेल, मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नसेल, झोपेची गोळी चालू असेल, वर्षात आधीही एकदा-दोनदा पडल्या असतील, तर तीन मजले आजच्या घडीला धोक्याचे आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. मोतीबिंदू काढता येतो, रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलता येते, पायांत जोर आणता येतो. पण दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट असलेलं घर बरं.

आणि कांदिवलीचं घर आपोआप सुरक्षित होतं असं समजू नका. गुळगुळीत टाइल्स, बाथरूममधलं ओलं, सोफ्यासमोरचा सरकणारा गालिचा, ओळखीचं कोणी नाही म्हणून दिवसभर टीव्ही. बाल्कनीची काच लावून आत बसलं तर ऊनही उपयोगाचं राहत नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. दादांकडे न्यायचंच तर आईंचा दिवस कसा जाईल ते आधी ठरवा. सकाळी खाली उतरून सोसायटीत चालणं, स्वयंपाकघरात त्यांच्या हातात एखादं काम, बाथरूममध्ये दांडा आणि रबरी मॅट.

माझं मत विचाराल तर पावसाळ्याचे महिने दादांकडे आणि बाकीचं वर्ष लालबागला. गणपतीत त्या लालबाग सोडून राहणार नाहीत हे मला कळतं, त्यांना बोलवूनच घ्या. पण त्या दहा दिवसांत त्या भागात पाऊल ठेवायला जागा नसते, तेव्हा खाली उतरायचं ते पहाटे, गर्दी नसताना, आणि कोणीतरी सोबत. या सगळ्यात आईंना काय हवं हे त्यांना विचारून, त्यांच्या समोर बसून ठरवा. पत्रात दादांचं म्हणणं आहे, तुमचं आहे, मावशींचंही आहे. आईंचं एवढंच आहे की त्या लालबाग सोडणार नाहीत. का सोडणार नाहीत, हे मात्र कुणी विचारल्याचं दिसत नाही.

मावशींच्या हाडवैद्याबद्दल थोडक्यात. मनगट आखडलेलं असेल, बोटं सुजत असतील, तर ते व्यायामाने सुटतं. मूठ उघड-बंद करणं, तळवा वर-खाली फिरवणं, कोमट पाण्यात हात घालून मनगट हलवणं. हाड जुळताना आधी त्या जागी रक्त साकळतं, मग मऊ कूर्चेचा जोड तयार होतो, मग त्याचं कठीण हाड होतं, आणि त्यानंतर कित्येक महिने त्याला घाटात आणण्याचं काम चालू राहतं. या काळात जोराने चोळणं, ओढणं, ‘बसवणं’ नको. पाठीवर दाब देऊन मणके ‘मोकळे’ करणाऱ्यांकडे तर उणे २.८ वाल्या माणसाला अजिबात नेऊ नका.

औषधाबाबत घरात मतभेद असतील तर एक गोष्ट सांगायला हवी. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने ऑस्टिओपोरोसिस बरा होत नाही. एवढा स्कोअर आणि वर फ्रॅक्चर, म्हणजे खणणाऱ्या पेशींना आवरणारं औषध बहुतेक लागेल. त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहाही नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो. ज्यांना हे जमत नाही त्यांना वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. सुरू करण्याआधी मूत्रपिंडाची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी होते, आणि दात काढायचे असतील तर आधी काढून घेतात. थायरॉइडचा त्रास असेल किंवा दम्यासाठी स्टेरॉइड घेतलं असेल, तर त्याबद्दलही डॉक्टरांना सांगा. आई मिश्री लावत असतील तर तेही सांगा. तंबाखू हाडांना बाधते, आणि मिश्रीला आपल्याकडे कोणी तंबाखू मानत नाही.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी घरोघरी पोचली आहे. ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरती असते. मेडिकलवाला देतो म्हणून वर्षानुवर्षं घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. उन्हाबद्दल एक समज फार पक्का आहे, की कोवळं ऊन चांगलं. कोवळ्या उन्हात बरं वाटतं, पण लागतात ते किरण सूर्य वर आल्यावर पोचतात. अकरा ते एकच्या दरम्यान गॅलरीत हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. मुंबईत उन्हाला तोटा नाही, आपण मात्र लोकलमध्ये, ऑफिसात, बंद घरात असतो, आणि पावसाळ्यात ढग असतात. म्हणून कमतरता एवढी दिसते.

खाण्याचं सांगते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या बाईला डॉक्टर १२०० धरतात. पेलाभर दुधात किंवा तेवढ्याच दह्यात अडीचशेच्या आसपास असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत पावणेदोनशे-दोनशे. सालासकट तीळ, शेवग्याचा पाला, आणि लालबागकरांना सांगायलाच नको अशी मांदेली, कुरकुरीत तळून काट्यासकट. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे ते अंगी फारसं लागत नाही. एवढं करूनही कमी पडत असेल तेवढंच गोळीने भरायचं. आणि प्रथिनं विसरू नका. हाडाला कडकपणा खनिजांनी येतो, पण त्याचा चिवटपणा कोलॅजन या प्रथिनाचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका रात्री चहा-खारीवर भागवतात. फोनवर ‘जेवलीस का’ असं विचारू नका, ‘काय जेवलीस’ असं विचारा.

व्यायाम रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज. ओट्याला धरून टाचा उचलणं. खुर्चीतून उठणं-बसणं. ओट्याशेजारी उभं राहून एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून तोल सांभाळणं. नुसतं चालणं चांगलं, पण त्याने तोल आणि ताकद पुरेशी सुधारत नाही. पश्चिमोत्तानासन किंवा पाठ गोल करून पुढे वाकायची आसनं आईंनी करू नयेत. योगवर्गाला जात असतील तर शिकवणाऱ्यांना डेक्साचा रिपोर्ट दाखवा.

आता तुमचं. गुडघे कुरकुरणं आणि हाडं ठिसूळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्यात झिजते ती कूर्चा, हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. सांध्याच्या हालचालीने वंगण आत-बाहेर होतं, त्यातून तिला पोषण मिळतं. म्हणून गुडघासुद्धा हलवत ठेवावा लागतो. दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरू नका. कॅल्शियमच्या गोळीने तो आवाज जाणार नाही. गोळ्यांपेक्षा आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम सुरू करा, कारण पुढची काही वर्षं तुमच्या हाडांना फार महत्त्वाची आहेत. डेक्सा साधारण ६५ नंतर सगळ्याच बायकांनी करावी. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, स्टेरॉइड बरेच महिने घेतलं असेल, वजन फार कमी असेल किंवा आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल, तर आधी. पाळी थांबली की तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आईंचं सांगा आणि कधी करायची ते विचारा. मंडळाच्या शिबिरात टाचेवर मशीन लावून काढलेल्या आकड्यावरून निदान करू नका. तो फार तर पुढच्या तपासणीला जायची सूचना समजा.

लेकीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला त्या ओळीवर जास्त बोलावंसं वाटतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याची हाडं २७० ते ३०० असतात. वाढताना ती एकमेकांना जोडली जाऊन २०६ उरतात. पण मुख्य गोष्ट घनतेची. मुलींच्या १२-१३व्या वर्षाच्या आसपास दोनेक वर्षांत, मोठेपणी हाडांत जेवढं खनिज असतं त्याचा साधारण पाव हिस्सा भरला जातो. विशी संपेपर्यंत भरणी चालते आणि मग थांबते. तुमची लेक आत्ता बरोबर त्या दोन वर्षांत आहे, आणि नेमका तिचा खेळ बंद झाला आहे. आठवीत फाउंडेशनचा क्लास हवा की नको, हा तुमचा निर्णय. पण उड्या हव्यात. हाड घडतं ते धक्क्याने, थोड्या वेळाच्या, वेगवेगळ्या दिशांच्या धक्क्याने. खो-खो, लंगडी, दोरीच्या उड्या यांच्याइतकं हाडांसाठी सोयीचं दुसरं काही नाही, आणि त्यांना खर्चही नाही. दादरजवळ असाल तर शिवाजी पार्कवर मुली मल्लखांब करतात, तिला एकदा बघायला न्या. क्लासला जायच्या आधी गच्चीवर पंधरा मिनिटं दोरी, एवढ्यावरून सुरुवात करा. पाळी सुरू होऊन महिनोन्महिने थांबली, किंवा बारीक व्हायच्या नादात ती जेवण टाकत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. त्या वयात इस्ट्रोजेन कमी पडलं तर भरणीच अर्धवट राहते.

दादांशी बोलताना ‘तू चुकतोयस’ असं सुरू करू नका. आईंच्या पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांनाच घेऊन जा. डॉक्टरांना त्यांच्या समोर विचारा, की आईने किती चालायचं, जिना चालेल का, काय उचलायचं नाही, कोणतं औषध आणि किती वर्षं. उत्तरं दादांनीच लिहून घेऊ देत. आणि डेक्सा पुन्हा करायची वेळ येईल तेव्हा, साधारण वर्ष-दोन वर्षांनी, ती त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करून घ्या. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी नीट ताडून बघता येत नाहीत, आणि औषध लागू पडतंय की नाही हे त्या तुलनेवरूनच ठरवायचं असतं.